हळद पोचली, तरी गिऱ्हाईक म्हणतंय मिळाली नाही

प्रश्न: सांगलीतनं राजापुरी हळद ऑनलाइन विकतो. पुण्याचं पार्सल ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड दिसतंय पण गिऱ्हाईक म्हणतंय आलंच नाही, अन् ॲपवाल्यांनी पैसे अडकवलेत. काय करू?

उत्तर: आधी कुरियरकडनं पीओडी, म्हणजे माल पोचल्याची पावती, माग, सहीवाली. नुसत्या ट्रॅकिंगच्या स्क्रीनशॉटवर भागत नाय. सही भलत्याचीच निघाली तर क्लेम कुरियरवर टाक, गिऱ्हाइकाशी भांडत बसू नको.

उत्तर: बऱ्याचदा वॉचमनकडं पडलेलं असतंय ओ, गिऱ्हाइकाला तिथं विचारायला सांगा, पण फोनवर नको, ॲपच्या चॅटमध्येच लिहा म्हणजे पुरावा राहतो.

उत्तर: ॲपवर डिस्प्युट, म्हणजे तक्रार, टाकायची मुदत तेवढी चुकवू नका. पॅकिंगचा व्हिडिओ इथं कामाचा नाय, तो गिऱ्हाईक माल कमी निघाला म्हटलं तर लागतो. पुढच्या वेळी ओटीपी डिलिव्हरी घ्या.

प्रश्नकर्ता: पीओडी आली, सही गेटवरची हाय. चॅटमध्ये टाकली.