मदत हवी आहे: मुलीचा पाय दुखतोय, एक्सरे नॉर्मल

त्रस्त_आई:
मुलगी जिम्नॅस्टिक्स करते. तीन आठवडे झाले, पाय दुखतोय. पडली नाही, मुरगळला नाही. एक्सरे नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, आराम द्या. आठवडाभर दिला, बरं वाटलं, प्रॅक्टिस सुरू केल्यावर परत तेच. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. कोणाला अनुभव आहे का? कृपया लवकर सांगा.

टाचणी:
सेव्हर्स आहे, शंभर टक्के. माझ्या मुलाला झालं होतं. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून कच्चा असतो आणि पोटरीचा स्नायू त्याला सतत ओढत राहतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबून बघा, ओरडली की समजा तेच. एक्सरेत काही दिसत नाही. टाचेखाली मऊ पॅड, पोटरीचं स्ट्रेचिंग आणि बर्फ. चिंता नको.

फिजिओ_ताई:
टाच दुखते असं त्यांनी कुठे लिहिलंय? मराठीत कमरेपासून अंगठ्यापर्यंत सगळा पायच. ताई, वय किती? कोणता पाय आणि नक्की कुठे: टाच, चवडा, कमान, घोटा? सकाळी दुखतो की उड्या मारल्यावर? रात्री झोपेतून जाग येते का? सूज, ताप?

जुना_खेळाडू:
आमच्या वेळी पाय दुखला की टेप गुंडाळायचो आणि मॅटवर उतरायचो. हल्ली आईवडील फार घाबरट झालेत. स्पर्धा महिन्यावर आली असताना मुलीला बसवून ठेवलंत तर तिचं मन मोडेल. घट्ट टेपिंग करा, टम्बलिंग (मॅटवरच्या कोलांट्या) थोडं कमी करा.

फिजिओ_ताई:
हाडाला ताण पडलेला असेल तर टेपिंगने फक्त दुखणं झाकलं जातं. कुठे दुखतंय हे कळायच्या आधी असले सल्ले देऊ नयेत.

जुना_खेळाडू:
तुम्ही न बघताच हाडापर्यंत पोचलात की!

सहज_वाचक:
जिम्नॅस्टिक्सने मुलांची उंची खुंटते असं ऐकलंय. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, घालू का?

टाचणी:
@सहज_वाचक, उलट आहे ते. बुटक्या मुलांना हा खेळ सोपा जातो, म्हणून वरच्या पातळीवर तेच टिकलेले दिसतात. बिनधास्त घाला. (मूळ धाग्यावर: मी अजूनही टाचच म्हणतोय.)

त्रस्त_आई:
सॉरी, घाईत लिहिलं होतं. वय ११. उजवा पाय. टाच दाबून बघितली, काही नाही. घोट्याच्या पुढे, पावलाच्या वरच्या बाजूला दुखतं. बोटाने चाचपत गेले तर अंगठ्याच्या नखाएवढी एकच जागा सापडली. तिथे दाबलं की श्वास आत ओढते. सकाळी ठीक असते. वॉर्मअपला काही नाही, टम्बलिंग सुरू केलं की दहा मिनिटांत सुरू होतं. काल लपून बघितलं, बीमवरून उतरताना सगळं वजन डाव्या पायावर घेते. ताप नाही, सूज दिसत नाही. रात्री झोपते नीट.

फिजिओ_ताई:
आता कळलं. रात्री दुखत नाही आणि ताप नाही हे चांगलं आहे, पण जागा मला आवडली नाही. तिथे नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड असतं. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यावर ताणाचा तडा गेला तर भरायला वेळ लागतो. दुखणं ढोबळ असतं, सूज फारशी येत नाही, म्हणून मुलं आणि प्रशिक्षक दोघेही रेटत राहतात. साध्या एक्सरेत हा तडा बहुतेक वेळा निसटतो. तेच असेल असं म्हणत नाही, ते मी इथून सांगूच शकत नाही. पण तडा नाही असं डॉक्टर सांगेपर्यंत उड्या, टम्बलिंग, डिसमाउंट (उपकरणावरून उडी मारून उतरणं) सगळं बंद. टेपही नको. खेळाडूंवर उपचार करणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआयचं विचारा.
एक विचारायचं राहिलं. एक्सरे घोट्याचा काढला होता की पावलाचा?

जुना_खेळाडू:
एका दाबण्यावरून थेट एमआरआय! तुमच्यामुळेच लोक घाबरतात.

टाचणी:
टाच नाही हे मान्य. पण याच वयात कमानीच्या आतल्या बाजूला एक जास्तीचं हाड पण निघतं. माझ्या भाचीला तिथे टेंगूळच होतं आणि बुटात टोचायचं.

फिजिओ_ताई:
हो, तेही असू शकतं. पण ते आतल्या बाजूला, यांचं दुखणं वर आहे.

त्रस्त_आई:
कागद काढून बघितला. एक्सरे घोट्याचा आहे. पावलाचा काढलाच नाही. आणि तोही दुखायला लागल्यावर चौथ्याच दिवशी.

फिजिओ_ताई:
म्हणजे "नॉर्मल" हा शब्द तूर्त विसरा. ताणाचा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत दिसत नाही, आणि इथे तर फोटोच शेजारच्या सांध्याचा होता.

जुना_खेळाडू:
हे आधी सांगितलं असतं तर मी टेप म्हटलं नसतं.

सहज_वाचक:
पाच वर्षांच्या मुलासाठी अनवाणी बरं की मोजे?

त्रस्त_आई:
गुरुवारी वेळ मिळाली. प्रशिक्षकांना फोन करून उड्या थांबवल्या. ते नाराज झाले, म्हणाले निदान बार तरी करू द्या. करू देऊ का?

फिजिओ_ताई:
बारवरून उतरायचं पायांवरच असतं ना? गुरुवारपर्यंत बसून करण्यासारखं करू द्या. पोट, खांदे, स्प्लिट्स.

त्रस्त_आई:
बरं. आणखी एक. आत्ता झोपवताना सहज विचारलं, खरंच तीन आठवडेच दुखतंय का गं? म्हणाली, दोन महिने. तीन आठवडे म्हणजे मला कळल्यापासूनचे. सांगितलं असतं तर नव्या रूटीनमधून काढतील म्हणून गप्प होती.

फिजिओ_ताई:
गुरुवारी डॉक्टरांना पहिलं हेच सांगा, स्पर्धेचं नंतर.

सहज_वाचक:
मोज्यांचं कोणी सांगेल का?