संग्रहालयातली गाण्याची संध्याकाळ: तुमचे अनुभव सांगा

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात काही वर्षांपूर्वी एका तरुण बँडला ऐकलं. गिटार, कहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी), हार्मोनियम आणि गाणी त्यांची स्वतःची. गाणं मागच्या मोकळ्या जागेत होतं. मध्यंतरात लोक चहाकडे जातील असं वाटलं होतं, पण निम्मेअधिक आत दालनांत शिरले. १८७२ साली उघडलेली ही वास्तू: ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी वर्खाची नक्षी, काचेच्या कपाटांत मातीची माणसं. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया यांच्यासारख्या आजच्या चित्रकार-शिल्पकारांनीही इथे आपली कामं जुन्या संग्रहाच्या संगतीत मांडली आहेत. एरवी अशा कामासमोर उभं राहिलं की 'आपल्याला यातलं काय कळतं' ही धास्ती असते. त्या संध्याकाळी ती कुणाच्या चेहऱ्यावर दिसली नाही. गाणं ऐकताना अर्थ कळेपर्यंत कोण थांबतं? तीच मोकळीक चित्रांनाही मिळाली होती. मला हे फार मोलाचं वाटतं, म्हणून हा धागा. मुंबईचेच अनुभव हवेत असं नाही, आणि वाईट अनुभवही जरूर लिहा.

डोंबिवली, ध्वनिसंयोजक

आमच्या बाजूने सांगतो. संग्रहालय म्हणजे फरशी, काच, उंच छत. आवाज शोषणारं काहीच नाही. रिकाम्या दालनात साउंडचेक केला की ड्रमचा एकेक ठोका पुढच्या ठोक्यावर चढतो आणि गाण्याचे शब्द पार विरघळतात. म्हणून मी ड्रमरला काठ्यांऐवजी ब्रश वापरायला सांगतो आणि दोन मोठ्या स्पीकरांऐवजी छोटे स्पीकर जागोजागी, कमी आवाजात लावतो. प्रेक्षक येऊन बसले की निम्मा प्रश्न सुटतो, कारण माणसांचे कपडे आणि शरीरं आवाज पितात. खरी भीती खालच्या सुरांची. बास वाढला की कपाटांच्या काचा थरथरतात आणि आतल्या वस्तूंनाही हादरा बसतो. एका ठिकाणी संवर्धन विभागातल्या बाई साउंडचेकभर कपाटावर तळहात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली की मी बास खाली आणायचो. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आहेच. भायखळ्याचं संग्रहालय राणीच्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयाला लागून आहे, तिथे तो कटाक्षाने पाळायला हवा, पलीकडे प्राणी झोपलेले असतात.

लंडन

इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये दर शुक्रवारी रात्री दहापर्यंत दारं उघडी असतात, आणि बऱ्याच महिन्यांच्या शेवटच्या शुक्रवारी खास कार्यक्रम होतात. प्रवेश मोफत, आणि संगीत, नवी कला, चर्चा असं बरंच काही असतं. शिकायला आलेल्या भाचीला घेऊन गेले होते. तिला सांगितलं की आपल्या भायखळ्याच्या संग्रहालयाचं जुनं नावही हेच होतं. भायखळ्याचं दार १८७२ साली उघडलं, आणि लंडनच्या संग्रहालयाला हे नाव मिळालं १८९९ साली! आपल्याकडचं नाव १९७५ साली बदललं आणि ते उभारण्यासाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजींचं नाव लागलं.

मला मात्र त्या रात्री टिपू सुलतानाच्या वाघापासून हलवेना. गोऱ्या माणसावर झेपावलेला लाकडी वाघ, आणि त्याच्या पोटात ऑर्गनच्या नळ्या. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत तो इंग्रजांच्या हाती लागला. लांबच्या दालनातून सिंथेसायझरचा आवाज येत होता आणि समोर हे वाद्य काचेत गप्प. त्याला पुन्हा वाजताना ऐकण्याचा हक्क आपल्या माणसांना कधीतरी मिळावा, असं मनापासून वाटलं.

लालबाग, चित्रकर्ती

माझं काम अशाच एका संध्याकाळसाठी मांडलं होतं. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर कापड विणलं जातंय आणि सोबत मागाचा आवाज. माझे आजोबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली. आवाज मी भिवंडीतल्या चालू मागांवर जाऊन ध्वनिमुद्रित केला होता.

शेजारच्या दालनात बँड. दुपारी तालीम सुरू झाली आणि त्यांचा बास सरळ माझ्या खोलीत. माझं काम बुडणार अशी खात्रीच झाली, डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांच्यातली तालवादक मुलगी येऊन बराच वेळ माझ्या खोलीत बसली. म्हणाली, "ताई, हा आवाज आम्ही मध्ये घेऊ का?" संध्याकाळी त्यांनी एक गाणं मागाच्या लयीवरच सुरू केलं. गाणं संपलं की फक्त माग ऐकू यायचा, आणि लोक त्या आवाजाच्या मागाने माझ्या खोलीत येत होते.

बाबांनी त्यांच्या एका जुन्या गिरणीकामगार मित्राला आणलं होतं. काका शेवटपर्यंत उभे राहिले. मग मला म्हणाले, "पोरी, तुझा साचा एकटाच चालतोय. आमच्या खात्यात शेकडो चालायचे, आणि कुणाचा ठोका कुणाला जुळायचा नाही. त्या गोंगाटात आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो." इतकी वर्षं घरात गिरणीच्या गोष्टी ऐकल्या, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या मांडणीत मी खोलीच्या चारही बाजूंनी वेगवेगळे माग लावले आणि पडद्यावर माणसांचे हलणारे ओठ आणले. काका तेही बघून गेले.

गिरगाव

मी सत्तरी ओलांडली आहे. मुंबईत तुम्ही ज्याला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणता, तो आमचा कावसजी जहांगीर हॉल. १९११ साली बांधलेला, वास्तुकार जॉर्ज विटेट यांचा. वडिलांनी तिथे मैफली ऐकल्या होत्या. १९९६ पासून तिथे चित्रं आहेत. आत गोलाकार जिन्याने वर जाताना मला नेहमी वाटतं, या घुमटाला गाणं ठाऊक आहे. त्यामुळे संग्रहालयात गाणं म्हणजे नवीन थेर असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

ठाणे, गायक-गीतकार

वाईट अनुभवही लिहा म्हणालात म्हणून लिहितो. एका मोठ्या कलादालनाने बोलावलं. मानधनाचं विचारलं तर "तुम्हाला चांगला प्रेक्षकवर्ग मिळेल" एवढंच उत्तर. पेयपानासाठी पैसे होते, सजावटीला होते. मी गात असताना पाहुणे माझ्याकडे आणि चित्रांकडे पाठ करून गप्पा मारत होते. एका शिल्पावर कुणीतरी पेला ठेवला, तो मी गाणं थांबवून उचलला. स्वतःचं गाणं लिहिणाऱ्याला सिनेमाची गाणी गाणाऱ्याइतकी कामं मिळत नाहीत, म्हणून असं बोलावणं आलं की आशा वाटते. आयोजक हे वाचत असतील तर विनंती करतो: आमंत्रणातच मानधन लिहा, आणि कार्यक्रमाआधी प्रेक्षकांना दोन शब्द सांगा. लोक ऐकतात. मी नंतर एका छोट्या संग्रहालयात गायलो. तिथे आधी निवेदकाने सांगितलं होतं की दोन गाण्यांमध्ये चित्रं बघायला वेळ आहे, गाण्यात गाणं ऐका. टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

पणजी

आमच्याकडे डिसेंबरात, २०१६ पासून, सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीत कलेची मांडणी व्हायची. ज्या वॉर्डांत आमच्या घरची माणसं ॲडमिट होती, तिथे आता पडदे, धागे, दिवे! आई दारातच थबकली होती. मांडवीत बोटीवर गाणं झालं ते ऐकायला मात्र ती सगळ्यांच्या पुढे. आणि हो, भाऊ दाजी मूळचे आमच्या पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे, हे मुंबईकरांनी लक्षात ठेवावं.

पुणे

आमच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं इतकं देखणं दालन आहे, पण सगळी वाद्यं गप्प. जुनी तार छेडू नये हे मान्य. तरी त्या दालनाबाहेर एखाद्या संध्याकाळी आजच्या मुलांनी आपली वाद्यं वाजवावीत, एवढी इच्छा आहे.

भायखळा, विद्यार्थिनी

मी राणीच्या बागेमागे राहते. लहानपणापासून बाग म्हणजे प्राणी, नंतर पेंग्विन. बाजूच्या इमारतीत काय आहे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरचा दगडी हत्ती तेवढा ओळखीचा, तो घारापुरीहून आणलेला आहे हेही तिथे आत गेल्यावर कळलं. कॉलेजातल्या मैत्रिणीचा भाऊ तिथे गिटार वाजवणार होता म्हणून गेले. परत यायला उशीर होईल म्हणून अम्मी नको म्हणत होती, मग तिलाच सोबत नेलं. गाणी तिला फारशी रुचली नाहीत. पण मुंबईच्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या मातीच्या मूर्तींपुढे ती इतकी रमली की शेवटची दोन गाणी आम्ही आतूनच ऐकली. पगड्या कशा बांधल्यात, कुणाचं पातळ कसं नेसलंय, सगळं मला दाखवत होती. आता मामीला घेऊन जायचं म्हणते. कुणी जाणार असाल तर बुधवारी बंद असतं, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला दालनं उघडी राहणार का ते आधी विचारून घ्या.