अमाल्फी किनारा एका दिवसात, आईच्या गुडघ्यांसकट

मुग्धा_कर्वेनगर:
मे अखेरीस आई-बाबांना घेऊन इटलीला जातोय. मुक्काम नेपल्सला, त्यातला एक दिवस अमाल्फी किनाऱ्यासाठी ठेवलाय. सकाळी लोकलने सोरेंतो, पुढे बसने पोसितानो, अमाल्फी, रावेल्लो आणि रात्री परत असा बेत आहे. बाबा ठणठणीत आहेत, पण आईचे गुडघे कुरकुरतात, शिवाय घाटात तिला गाडी लागते. अंडंही चालत नाही. झेपेल का?

घाटवाला:
झेपेल. म्हणजे चारही गावांत फोटो निघतील आणि आई दिवसभर डोळे मिटून बसतील.

सोरेंतो-अमाल्फी रस्ता म्हणजे वरंधा घाटाच्या दरीत समुद्र भरलाय असं समजा. वळणावळणाला ड्रायव्हर लांबलचक हॉर्न देतो, समोरून दुसरी बस आली की कुणीतरी मागे सरकायचं. सीझनमध्ये बस सोरेंतोलाच भरते. पोसितानोच्या थांब्यावरचे लोक हात दाखवत राहतात, ती निघून जाते.

दुसऱ्या टोकाने जा. नेपल्सहून रेल्वेने सालेर्नो. स्टेशनातून बाहेर पडून चालत धक्का गाठायचा आणि बोटीने अमाल्फी, साधारण पाऊण तास. सासूबाईंना आम्ही असंच नेलं होतं. डोंगरउतारावर लिंबाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा, त्यांवर काळ्या जाळ्या. हे सगळं पाण्यातूनच नीट दिसतं.

अमाल्फीच्या कॅथेड्रलचा जिना खालूनच बघितला तरी चालेल. बाबांना मात्र वर पाठवा, तिथला काशाचा दरवाजा अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये घडवलेला आहे. नंतर मुख्य रस्त्याने सावकाश चढत कागदाच्या संग्रहालयात जा. जुनी कागद गिरणीच आहे ती. पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे वरखाली होतात आणि चिंध्या कुटून लगदा होतो. सासूबाई तिथून हलेनात.

दुपारी रावेल्लो. समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंच, त्यामुळे तेवढा घाट चुकत नाही, पण बसचा प्रवास अर्ध्या तासाच्या आतला. व्हिला रुफोलो चौकालाच लागून आहे. १८८० मध्ये जर्मन संगीतकार वाग्नर इथे आला आणि आपल्या ऑपेरातली जादूची बाग त्याला इथे सापडली. व्हिला चिंब्रोनेचा सज्जा जास्त गाजलेला, पण वाटेत चढ आणि पायऱ्या आहेत. आईंना रुफोलोतच बसवा.

पोसितानो सोडा. नुसते जिने.

पेठेतली_सुगरण:
पोसितानो सोडा?! अमाल्फीहून बोट जाते की. उतरायचं, किनाऱ्यावर बसून रंगीत टाइल्सचा घुमट बघायचा, पुढच्या बोटीने परत.

खाण्याचं: पिझ्झा मरिनारा मागा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाही, मासळी नाही. ताजा पास्ता अंड्याचा असू शकतो, साधी सुकी स्पॅगेटी बरी. पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटने करतात, आई ते पाळत असतील तर आधीच नको म्हणा. आणि चेतारा गावच्या अँचोव्ही तिकडे कशातही पडतात, तेव्हा 'मासा नको' वेगळं सांगायचं.

घाटवाला:
ताईंचं बरोबर, पण मग रावेल्लो गडबडीत उरकावं लागेल. दोन्ही हवं तर नेपल्स सकाळी सातला सोडा.

मुग्धा_कर्वेनगर:
आईला विचारलं. ती म्हणते, पोसितानो बोटीतून दिसलं तर बघू, पण कागदाची गिरणी हवीच. बोटीची तिकिटं आधी काढावी लागतात का?

घाटवाला:
मे अखेरीस काढाच. पण वारा सुटला तर बोटी बंद होतात, म्हणून परतीच्या बसची तिकिटंही जवळ ठेवा. ती तंबाखूच्या दुकानात मिळतात. आणि त्या दिवशी आईंना पुढची सीट द्या.