खुनी कोण ते आधीच कळतं, पण…

'खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं, मग पुढे वाचायचं कशाला?' हा ट्रुमन कपोटीच्या 'इन कोल्ड ब्लड'वरचा आक्षेप मला पटत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका कुटुंबाच्या झालेल्या खऱ्या हत्याकांडावरच्या या पुस्तकाचा जीव 'कोण'मध्ये नाहीच, 'का' मध्ये आहे. आमच्या नेरूळच्या वाचनगटात दोघींनी नेमकं याच कारणासाठी ते अर्ध्यावर सोडलं होतं. मग मी एक प्रसंग वाचून दाखवला. तळघराची फरशी गार, म्हणून दोन खुन्यांपैकी एक घरमालकाखाली गादीचं खोकं सरकवतो, मुलाच्या डोक्याखाली उशी देतो आणि थोड्या वेळाने दोघांनाही मारतो. अंगावर काटा येतो! तिजोरीत दहा हजार डॉलर आहेत असं ऐकून आलेल्या या दोघांना मिळाले जेमतेम चाळीस-पन्नास. तिजोरी नव्हतीच. हे ऐकून त्या दोघींनी पुस्तक पुन्हा वाचायला नेलं.

आणखी एक गोष्ट. १९५९च्या या हत्याकांडाची माहिती काढायला कपोटीसोबत त्याची मैत्रीण, 'टू किल अ मॉकिंगबर्ड'ची लेखिका हार्पर ली कॅन्ससला गेली होती. त्या विक्षिप्त परक्या माणसापुढे गप्प राहणारे गावकरी तिच्याशी मोकळेपणी बोलले. माझ्या मते तिचं श्रेय फारच कमी सांगितलं जातं. आणि हो, शेवटचा स्मशानभूमीतला प्रसंग कपोटीने रचलेला आहे, तेवढा सत्यकथा म्हणून धरू नका. बाकी जरूर वाचा, शक्यतो इंग्रजीतूनच.