भरधाव रपेट: तुमचे अनुभव लिहा

रिंगणातली घोडेस्वारी अनेकांनी केली असेल. हा धागा मोकळ्या वाटेवरच्या वेगासाठी. झाडांमधली मऊ मातीची वाट, समोर लांब सरळ पट्टा, आणि इथे पळायचंय हे घोड्याला आपल्याआधीच कळलेलं असतं. कान टवकारतात, लगामावर हलकी ओढ येते. मला प्रत्यक्ष पळण्याइतकाच हा क्षण आवडतो. तुम्हाला काय आवडतं? सविस्तर लिहा.

*

मला टापा! दुडकीत दोन ठोके, कँटरमध्ये (दुडकीपेक्षा वेगाची चाल) तीन, आणि चौखूर सुटला, म्हणजे गॅलपमध्ये, की चार, तेही इतके लागोपाठ की मोजता येत नाहीत. कँटर आणि गॅलपमध्ये घोडा दर झेपेला एकच श्वास घेतो, त्यामुळे त्याची फुरफुर तालातच येते. थोड्या वेळात माझाही श्वास त्या लयीत पडतो आणि मग डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

*

+१. माझी आवड म्हणजे चढ. खोगिरावरून जरा उठायचं, भार रिकिबीत, टाचा खाली, हात मानेजवळ. आयाळ बोटांवर सपासप आपटते आणि मागच्या पायांचा रेटा थेट आपल्या मांड्यांत कळतो. उतारावर मात्र मी कधीच पळवत नाही. नुसत्या उभ्या घोड्याचाही सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, उतारावर तो आणखी वाढतो.

*

चारही पाय हवेत असतात तो क्षण! छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोडीचे फोटो काढले. त्यात दिसतं की हवेत असताना पाय पसरलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. जुन्या चित्रांत नेमकं उलटं असायचं. ते फोटो पाहिल्यापासून गॅलपमध्ये मी तो क्षण शोधत असते आणि सापडला की मोठ्याने हसते.

*

सगळ्यांचं वाचून मस्त वाटलं. एक आवर्जून सांगतो, घोड्याला शेवटचा टप्पा चालतच आणा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) जरा सैल, लगाम लांब. त्याच्या छातीवर हात ठेवून बघा. घाम वाळून अंग निवलं की खरारा. नव्या लोकांनी आधी दुडकीत मांड पक्की करावी, वेगाची भीती आपोआप जाते.

आणि समुद्रकाठी कुणी पळवलाय का? ओल्या वाळूत टाप कशी लागते, ते वाचायचंय.