भूगोलाचा प्रोजेक्ट नक्की कोणाचा, पोरांचा की आईबापाचा?

चौथीतल्याची आई: रविवारी रात्री साडेदहाला मी शाडूचा सह्याद्री थापत बसलेले आणि ज्याचा प्रोजेक्ट तो घोरत होता. शाळा म्हणते पाठांतर नको, हाताने करून शिकू दे. हात कोणाचे पण? सनबोर्ड, रंग, फेविकॉल धरून साडेतीनशे गेले. सकाळी विचारलं घाट म्हणजे काय रे, तर म्हणे तो तपकिरी भाग. बंद करा हे सगळं, सरळ नकाशा वाचायला शिकवा.

झेडपी गुरुजी: ताई, चूक मातीची नाही, ती घरी पाठवली ही आहे. आम्ही शाळेमागे चिखलाचा सह्याद्री करतो, पश्चिमेला उभा कडा, पूर्वेला लांब उतार, आणि विचारतो की गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, तिथनं अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर, मग नदी कुठं जाईल? अख्खा वर्ग ओरडतो, अरबी! मग माथ्याच्या जरा पूर्वेला तांब्याने पाणी सोडायचं. ते निघतं उलटं, बंगालच्या उपसागराकडे. हे परत पाठ करून घ्यावं लागत नाही. खर्च शून्य, फक्त कपडे बघून आया शिव्या घालतात.

सातारकर: चिखल मान्य, पण नकाशाचं ते जिल्ह्यांचे तुकडे जोडायचं पझल असतं ना, त्याचं कौतुक मात्र कळत नाही. पुतणी 36 जिल्हे सहा मिनिटांत लावते. गडचिरोली साताऱ्यापासून कुठल्या दिशेला विचारलं तर म्हणे "तो हिरवा, कोपऱ्यातला". पाठांतरच की, रंगांचं!

पालघरवाली मावशी: आमच्याकडचं पझल जुनं, 35 तुकड्यांचं. भाचीने आपला जिल्हा शोधायला सगळे डबे उलथेपालथे केले. मग सांगितलं की 2014 पर्यंत आपण ठाण्यातच होतो, मोखाड्याच्या माणसाला कलेक्टर ऑफिसच्या कामाला पार ठाण्याला जावं लागायचं. तिने कात्री घेऊन ठाण्याचा तुकडाच कापला.

सातारकर: ते तुम्ही सांगितलंत म्हणून, पझलने नाही. वर्गात 40 पोरं आणि पझल एक, दोघं लावणार बाकीचे बघणार.

झेडपी गुरुजी: एकेकाला एकेक तुकडा द्या, लपवून धरायचा आणि फक्त शेजारी सांगायचे. माझ्या उत्तरेला पुणे, पूर्वेला सोलापूर, दक्षिणेला सांगली, मी कोण?

चौथीतल्याची आई: सातारा! हे पोळ्या लाटता लाटता पण जमेल की. पण आत्ताच ग्रुपवर मेसेज आलाय, पुढच्या सोमवारी ज्वालामुखी. धूर निघणारा हवाय 🙏