कुत्र्याला कच्चं मांस घालावं का?

शेरूचाबाबा: आमच्या लॅब्रेडॉरचं पाकिटातलं खाणं बंद केलं. आता कच्चं चिकन, कलेजी आणि मऊ हाडं. केस चमकतात, शी कमी आणि घट्ट होते. ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट १९९३ पासून हेच सांगताहेत. लांडग्याला कोण कुकर लावून देतं? घालणाऱ्यांनी अनुभव लिहा, घाबरवणाऱ्यांनी कारण लिहा.

भाकरतुकडा: घ्या कारण. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती, कुत्र्यात ४ ते ३०. माणसाचं उष्टंमाष्टं खातच तो कुत्रा झाला. आमच्या मेंढरांमागची कुत्री भाकरी-ताकावर पोसलेली आहेत.

शेरूचाबाबा: पचतं म्हणजे मानवतं असं नाही. किती जगतात ती?

भाकरतुकडा: बिबट्यानं उचललं नाही तर बक्कळ जगतात. कच्च्याचं भ्या आम्हाला निराळंच. मेंढरू कापलं की कधी काळजावर पाण्याचे फोड दिसतात. ते काळीज कुत्र्यापुढं टाकलं की त्याच्या पोटात जंत होतात, अंडी शीतून बाहेर पडतात. पोरं त्याच कुत्र्याला कुरवाळून तशाच हातानं जेवायला बसतात. मग पोराच्या काळजात तसलाच फोड. आमच्यात असलं काळीज पुरतात.

नागपूरकर: डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने गेले. कोंबडीच्या मांसातून आला असावा असा संशय होता. तिथे डॉक्टर तरी हाताशी होते!

शेरूचाबाबा: वाघ मांजरकुळातला, त्यांना तो रोग जास्त बाधतो. शिवाय मी सगळं फ्रीझरला ठेवतो.

दवाखान्यातली: पशुवैद्याकडे मदतनीस आहे म्हणून लिहिते. फ्रीझरमध्ये कच्च्या मांसातला साल्मोनेला हा जंतू मरत नाही, नुसता थिजतो. कुत्रा ठणठणीत दिसतो आणि जिभेवाटे, शीवाटे घरभर पसरवतो. रांगतं मूल किंवा केमो चालू असलेलं माणूस घरात असेल तर हा हट्ट नको.

पण आमच्याकडे जास्त बघायला मिळतं ते वेगळंच: नुसत्या बोनलेसवर वाढवलेलं पिल्लू. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं. पिल्लू पाय फाकून चालतं, सोफ्यावरून उतरताना हाड मोडतं. एक्स-रेत हाड कुठलं आणि मांस कुठलं ते नीट कळत नाही. मांस कच्चं की शिजलेलं, याने यात काहीच फरक पडत नाही. आणि रस्स्यातली नळी कुणीच घालू नका, शिजलेलं हाड चिरफाळतं आणि आतड्यात घुसतं.

सदाशिवपेठी: आमचा टिप्या वरणभातावर म्हातारा झाला. चालू द्या तुमचं.

दवाखान्यातली: काका, फोडणीत कांदा-लसूण नव्हता ना? त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

सदाशिवपेठी: आमच्याकडे फोडणी माणसांनासुद्धा मोजून मिळते.

शेरूचाबाबा: आई घरात आहे, मधुमेही. तेवढ्यासाठी उकडून घालेन, पाकीट मात्र आणणार नाही. हाड काढलं तर कॅल्शियम कुठून आणू?

दवाखान्यातली: अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरला बारीक करा. मोठ्या कुत्र्याला अर्धा किलो बोनलेसमागे साधारण अर्धा चमचा पूड. पिल्लाला हे अंदाजपंचे चालत नाही, डॉक्टरांकडून वजनावर मोजून घ्या.